मदत हवी आहे : असांजला अमेरिकेच्या हवाली करायला हवं होतं, ही बाजू कशी मांडू?

कोरा_कागद
मंडळी, जरा अडलंय. आमच्या वाचकगटाने पुढच्या बैठकीला वाद ठेवलाय : गुप्त कागद छापणाऱ्या विकिलीक्स या साइटचा संस्थापक ज्युलियन असांज याचं ब्रिटनमधून अमेरिकेला प्रत्यार्पण करून त्याला तुरुंगात टाकणं न्याय्य ठरलं असतं का? चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला 'हो' आलं. माझं मत नेमकं उलट. बगदादमधल्या २००७ च्या अमेरिकी हेलिकॉप्टर हल्ल्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले, त्याची चित्रफीत विकिलीक्सने एप्रिल २०१० मध्ये जगापुढे आणली. ती पाहिल्यापासून माझ्या लेखी हा माणूस बरोबर.

'हो'च्या बाजूने शोधायला गेलं की 'देशद्रोही', 'पुतिनचा हस्तक', 'कायद्यापुढे सगळे सारखे' एवढंच हाती लागतं. असलं बोलून वेळ मारून नेता येईल, पण समोरची मंडळी तयारीची आहेत आणि मलाही लुटुपुटुची लढाई नकोय. या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा कोणता? बचावाचे मुद्दे माझ्याकडे ढीगभर आहेत, ते नकोत. आणि त्याला १७५ वर्षं तुरुंगवास झाला असता म्हणतात, तो आकडा नक्की कुठून आला?

फटकळ
'देशद्रोही' आधी खोडा. तो ऑस्ट्रेलियन आहे. अमेरिकेशी द्रोह करायला आधी अमेरिकेचा असावा लागतो. पुतिनही सोडा. रशियाने चोरले असा आरोप असलेले आणि विकिलीक्सने छापलेले २०१६ मधले डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल आरोपपत्रात नाहीतच. लोकांचा राग २०१६ चा, खटला २०१० चा. (आणि त्या निवडणुकीत विकिलीक्सवर प्रेम आहे असं जाहीर सभेत म्हणणारे ट्रम्प; आरोप ठेवले ते त्यांच्याच सरकारने!)

काळा_कोट
आकड्याचं आधी. १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली १७ आरोप, प्रत्येकी कमाल १० वर्षं. संगणकात घुसखोरीच्या कटाचा आणखी एक, कमाल ५. बेरीज १७५. ही कागदावरची कमाल. प्रत्यक्षात तेवढी झाली असती असं नाही. ज्यांनी हे गुप्त कागद विकिलीक्सला दिले त्या अमेरिकी लष्करातल्या चेल्सी मॅनिंगना २०१३ मध्ये ३५ वर्षं झाली आणि ओबामांनी ती कमी केल्यामुळे मे २०१७ मध्ये त्या सुटल्या. '१७५ वर्षं' कोणी तोंडावर फेकलं तर हे सांगा.

आता तुमचा मुद्दा. आरोपपत्र वाचा, गंमत कळेल. तुम्हाला हलवून सोडणाऱ्या त्या चित्रफितीबद्दल त्यात एकही आरोप नाही. नुसत्या प्रकाशनाबद्दलचे आरोप तीनच, शेवटचे : अफगाण युद्धाच्या नोंदी, इराकच्या नोंदी आणि परराष्ट्र खात्याच्या तारा (दूतावासांनी पाठवलेले अंतर्गत संदेश), आणि तेही ज्या कागदांत माहिती देणाऱ्यांची नावं उघडी होती तेवढ्यांपुरते. एखाद्या अफगाण गावकऱ्याने तालिबानबद्दल अमेरिकी सैनिकांना काही सांगितलं. त्याचं नाव इंटरनेटवर टाकायचं की नाही, हे ठरवायचा हक्क लंडनमधल्या संपादकाला कोणी दिला? सरकारचं गुपित आणि त्या गावकऱ्याचं गुपित एकाच पोत्यात घालता येत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर इथेच तळ ठोकला असता.

न्यायालयाचंही नीट वापरा. न्यायाधीश व्हेनेसा बरेट्सर यांनी ४ जानेवारी २०२१ ला प्रत्यार्पण नाकारलं, हे सगळे सांगतात. कशामुळे नाकारलं हे फारसं कोणी सांगत नाही. पत्रकारितेचं स्वातंत्र्य, राजकीय गुन्हा, हे बचावाचे मुद्दे त्यांनी फेटाळले होते. नकार फक्त मानसिक प्रकृती आणि अमेरिकी तुरुंगातल्या एकांतवासात आत्महत्येचा धोका एवढ्यावर होता. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेने हमी दिल्यावर हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि जून २०२२ मध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांनी आदेशावर सही केली.

समोरचे करार काढतील. २००३ च्या ब्रिटन-अमेरिका कराराच्या चौथ्या कलमात राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाही असं आहे. पण ब्रिटनच्या स्वतःच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात ती तरतूद नाही, आणि तिथे करार संसदेच्या कायद्यात उतरल्याशिवाय न्यायालयाला बांधत नाही.

सईची_आजी
कोरा_कागद, तुमच्या वादात असांजविरुद्ध लैंगिक गुन्ह्यांची तक्रार करणाऱ्या स्वीडनमधल्या त्या दोघी पुन्हा विसरल्या जातील असं दिसतंय. पहिलं प्रत्यार्पण अमेरिकेने नाही, स्वीडनने मागितलं होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१२ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जूनमध्ये हे गृहस्थ जामीन मोडून लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरले. जवळजवळ सात वर्षं आतच. तेवढ्यात काही तक्रारींची मुदत संपली, आणि बलात्काराचा तपास नोव्हेंबर २०१९ मध्ये, इतक्या काळाने पुरावा कमकुवत झाला म्हणून बंद झाला. आरोप त्यांनी कायम नाकारले आणि आरोपपत्रही कधी दाखल झालं नाही, हे सांगायलाच हवं. पण एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सत्तराहून जास्त खासदारांनी पत्र लिहिलं होतं, की स्वीडनने पुन्हा मागणी केली तर तिला आधी मान द्या. प्रत्यार्पण म्हटलं की सगळ्यांना फक्त वॉशिंग्टन दिसतं.

कोरा_कागद
आजी, काळा_कोट, मनापासून आभार. नावांचा मुद्दा पटतोय, पण तिथेच भीती आहे. त्या नावांमुळे कोणाचा जीव गेला का? आणि मूळ तारा तर नावं झाकूनच छापल्या जात होत्या ना?

निशाचर
झाकूनच. न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, ल माँद, एल पाईस आणि डेर श्पीगल यांच्यासोबत ते काम नोव्हेंबर २०१० पासून चाललं होतं. तारा सुमारे अडीच लाख. मग गार्डियनच्या दोन पत्रकारांच्या पुस्तकात कुलूपबंद फाइलचा सांकेतिक शब्दच छापला गेला, फेब्रुवारी २०११ मध्ये. ती फाइल तोवर इंटरनेटवर फिरत होती. ऑगस्टअखेरीस हे फुटणार असं दिसल्यावर असांजने अमेरिकी परराष्ट्र खात्याला फोन करून सावध केलं होतं. उघड्या तारा आधी दुसऱ्याच एका साइटवर आल्या, विकिलीक्सने त्यानंतर सप्टेंबर २०११ मध्ये टाकल्या. त्या दुसऱ्या साइटवाल्यावर खटला नाही. अफगाण नोंदींचं मात्र वेगळं. त्या जुलै २०१० च्या, आणि त्यात उघडी राहिलेली नावं विकिलीक्सच्याच खात्यावर.

जिवाचं म्हणाल तर मॅनिंगच्या खटल्यात लष्कराला या कागदांमुळे गेलेला एकही जीव दाखवता आला नाही. २०२४ मध्ये, असांजने गुन्हा कबूल केला तेव्हा, सायपन या पॅसिफिकमधल्या अमेरिकी बेटावरच्या न्यायाधीशांनीही या प्रकरणात कोणी व्यक्तिगत बळी नसल्याची नोंद केली.

फटकळ
वा, मदत मागितली 'हो'साठी आणि निशाचरांनी विकेट काढली.

काळा_कोट
निशाचर म्हणतात ते खरं आहे. म्हणून 'जीव गेले' असं चुकूनही म्हणू नका. 'जीव धोक्यात घातले' म्हणा, आणि तारांपेक्षा अफगाण नोंदींवर बोला.

कोरा_कागद
ठीक. पण एक प्रश्न मला नक्की येणार : न्यूयॉर्क टाइम्सवर का नाही? त्याला काय उत्तर?

निशाचर
प्रामाणिकपणे सांगायचं तर हेरगिरी कायद्यात उत्तर नाही. तो छापणारा आणि फोडणारा यांत भेद करत नाही, जनहितासाठी केलं असा बचावही त्यात चालत नाही. ओबामांचं न्याय खातं याच पायरीवर थांबलं होतं. असांजला धरलं तर टाइम्सला कसं सोडायचं!

वाट एकच आहे आणि मला ती काळा_कोट यांच्या वाटेपेक्षा भक्कम वाटते. ११ एप्रिल २०१९ ला दूतावासातून त्याला उचललं तेव्हा उघड झालेल्या आरोपपत्रात एकच आरोप होता : मार्च २०१० मध्ये मॅनिंगना दुसऱ्याच्या नावाने लष्करी संगणकात शिरता यावं म्हणून पासवर्ड फोडायला मदत करण्याचा कट. कमाल ५ वर्षं. हेरगिरीचे १७ मे महिन्यात वाढवले. वार्ताहर कागद घेतो, छापतो, सूत्र लपवतो. कुलूप तोडायला हात लावत नाही. टाइम्सने तसं केलं असा आरोप कोणीच केलेला नाही. बचाव म्हणतो, मॅनिंगना त्या कागदांपर्यंत पोच आधीच होती आणि पासवर्ड फुटलाही नाही. पण कटाच्या आरोपाला यश लागत नाही.

तेव्हा एप्रिलचं आरोपपत्र उचला, मेचं टाकून द्या. ज्या आरोपावर प्रत्यार्पण होतं त्याच आरोपावर खटला चालवायचा, हा जुना नियम आहे. ब्रिटनने फक्त तेवढ्यावर पाठवलं असतं, तर बाकीचे १७ तिकडे गेल्यावर लादता आले नसते.

काळा_कोट
हे माझ्याहून बरं आहे, मान्य. फक्त २६ जून २०२४ ची कबुली तयार ठेवा. सायपनमध्ये त्याने कबूल केला तो आरोप संगणकाचा नव्हे, हेरगिरी कायद्याखालचाच, संरक्षणविषयक माहिती मिळवून उघड करण्याच्या कटाचा. शिक्षा लंडनच्या बेलमार्श तुरुंगात आधीच काढलेले ६२ महिने, तिथून थेट ऑस्ट्रेलिया. 'त्यानेच कबूल केलं' म्हणायचा मोह होईल. पण हा कायदा राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे असं आपल्याला वाटतं, हे त्याने त्याच कोर्टात सांगितलं होतं. समोरच्यांना ते ठाऊक असेल.

कोरा_कागद
मग माझं 'हो' म्हणजे 'एका आरोपावर हो, सतरांवर नाही'. हे सूत्रसंचालकांना चालेल का, विचारून येतो.

फटकळ
नाही चाललं तर चिठ्ठी बदलून मागा.