विषय : रविवारी बेंचवर कोण बसणार?

प्रेषक : बारा वर्षांखालील संघातील एका मुलीची आई

सर्व सभासदांना स. न. वि. वि.

आपल्या मंडळातील बऱ्याच मुली आता सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) खेळतात आणि त्यांपैकी काही जणी साधी लीग सोडून ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे निवड करून बनवलेल्या आणि टूर्नामेंट खेळत फिरणाऱ्या संघात, गेल्या आहेत, म्हणून माझ्या मनातील प्रश्न येथे मांडते आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि या वर्षी ट्रायआउट (निवड चाचणी) देऊन ती एका स्पर्धात्मक संघात निवडली गेली. संघात तेरा मुली आहेत. मागच्या शनिवार-रविवारच्या टूर्नामेंटमध्ये शनिवारी पूलचे (प्राथमिक गटफेरीचे) तीन सामने झाले आणि रविवारी बाद फेरीतील दोन. वेळेची मर्यादा असल्यामुळे सामने चार-पाच इनिंगांतच संपले (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन खेळाडू बाद होईपर्यंत एकेकदा बॅटिंग करतात). मी वहीत नोंद ठेवली होती. पाच सामन्यांत मिळून २४ इनिंग झाल्या आणि त्यांपैकी माझी मुलगी ६ इनिंग मैदानावर होती. त्या सहाही इनिंग शनिवारच्या होत्या आणि सहाही राइट फिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या उजव्या भागात. रविवारी तिला एकदा दुसऱ्या बेसवर पिंच रनर (दुसरीच्या बदली फक्त धावणारी) म्हणून पाठवले, ती होमपर्यंत धावून आली, सर्वांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती पुन्हा बेंचवर जाऊन बसली.

हंगामाच्या आरंभी झालेल्या पालकसभेत कोचनी "सर्वांना योग्य संधी मिळेल" असे सांगितले होते. त्यातला "योग्य" हा शब्द मी "समान" असा वाचला, ही चूक माझीच म्हणावी लागेल. तरीही माझा गोंधळ मिटलेला नाही. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या संघटनेत) नियमित हंगामात हजर असलेल्या प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सामन्यात किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा बॅटिंग द्यावीच लागते. सहा इनिंगच्या सामन्यात अठरा बाद असतात, म्हणजे एक तृतीयांश खेळाची हमी नियमानेच मिळते. ट्रॅव्हल टीममध्ये अशी हमी नाही, हे मला प्रवेश घेताना ठाऊक होते. पण हमी नसणे आणि संपूर्ण रविवार बसून काढणे यांत जे अंतर आहे, त्याची कल्पना मला नव्हती.

संघाने जिंकूच नये असे माझे म्हणणे नाही. घरी येताना गाडीत मुलगी माझ्याशी बेंचबद्दल काहीच बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "आई, मी काय सुधारले तर मला खेळवतील, हे कोणाला विचारायचे?" मला उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशा संघांना कोचिंग दिले आहे, त्यांनी कृपया सांगावे की या वयात खेळायला मिळणे आणि जिंकणे यांचा हिशेब नेमका कसा मांडतात, की तो कोणी मांडतच नाही?

आपली,
एक पालक


प्रेषक : नऊ वर्षे मुलींच्या संघांना कोचिंग देणारा एक सभासद

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

आपण नोंद ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण या विषयावरील बहुतेक वाद आकडे हाती नसताना होतात. आपल्याच आकड्यांवरून पुढे जातो. मैदानावर नऊ जागा असतात. २४ इनिंगांच्या २१६ जागा होतात आणि तेरा मुलींत त्या समान वाटल्या तर प्रत्येकीला १६ इनिंग येतात, वर थोडे उरते. परंतु कोणताही कोच अशी वाटणी करत नाही आणि बारा वर्षांखालील गटात ती करूही नये. पिचर (चेंडू टाकणारी), कॅचर (फलंदाजामागे तो झेलणारी), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली) आणि फर्स्ट बेस या चार जागांवर अननुभवी मुलगी उभी केली, तर इतर पाच जणींचा खेळही बिघडतो, आणि फर्स्ट बेसवर जोराचा थ्रो अंगावर आला तर इजा होते. त्या चौघी जवळपास सर्व इनिंग खेळतात असे धरा. तेरा मुलींच्या संघात दर इनिंगला चौघी बेंचवर बसतात. २४ इनिंगांत ९६ वेळा कोणाला तरी बसावे लागते आणि ते सगळे बसणे उरलेल्या नऊ मुलींच्या वाट्याला येते. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण अकरा इनिंगांचे बसणे आणि तेरा इनिंगांचा खेळ. आपल्या मुलीला सहा मिळाल्या, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आपली तक्रार रास्त आहे.

आता हाच हिशेब अकरा मुलींच्या संघासाठी करून पाहा. दर इनिंगला दोघीच बसतात, २४ इनिंगांत ४८ वेळा, आणि ते बसणे सात मुलींत वाटले जाते. प्रत्येकीला सतरा इनिंगांचा खेळ मिळतो. कोच तोच, जिंकण्याची हौस तीच, तरी चार इनिंग वाढल्या. रविवारी कोण बसणार हे रविवारी ठरते असे पालकांना वाटते. माझ्या मते ते ट्रायआउटनंतर संघाची यादी कायम होते त्या संध्याकाळीच बरेचसे ठरलेले असते, आणि त्या संध्याकाळी कोचच्या डोक्यात खेळाइतकाच पैशाचाही विचार असतो. एका हंगामात मी स्वतः चौदा मुली घेतल्या होत्या. टूर्नामेंटची फी चौदा घरांत वाटली गेली की प्रत्येकाला हलकी पडते, हे मी पालकांना मोठ्या अभिमानाने सांगितले. प्रत्यक्षात शेवटच्या तीन मुलींचे पालक पहिल्या नऊ मुलींच्या खेळाचा खर्च उचलत होते. त्या तिघींपैकी एकीने पुढच्या वर्षी खेळ सोडला. तिच्या वडिलांनी मला दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

शनिवार आणि रविवार यांत फरक करावा, असे मी मानतो. पूलच्या सामन्यांतून बाद फेरीतील क्रमवारी ठरते. तो सामना हरला तर रविवारी सकाळी कठीण प्रतिस्पर्धी मिळतो, पण संघ घरी जात नाही. म्हणून शनिवारी सर्व मुलींना बॅटिंग ऑर्डरमध्ये घ्यावे. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये ही मुभा असते आणि तेव्हा क्षेत्ररक्षणातील बदलही मोकळे असतात. याचीही किंमत असते आणि ती लपवू नये. पाच इनिंगच्या सामन्यात समजा बावीस फलंदाज आले. नऊ जणींच्या ऑर्डरमध्ये प्रत्येकीला बॅटिंगच्या अडीचच्या आसपास पाळ्या मिळतात, तेरा जणींच्या ऑर्डरमध्ये पावणेदोनच्या आसपास. तीन सामन्यांत उत्तम फलंदाजाच्या सुमारे दोन पाळ्या जातात. दोन पाळ्यांच्या मोबदल्यात चार मुली टूर्नामेंटमध्ये सामील होतात, हा सौदा मला अकरा वर्षांच्या वयात मान्य आहे. सोळाव्या वर्षी कदाचित नसेल.

बाद फेरीत कोचने आपले सर्वोत्तम नऊ उतरवावेत, यात मला गैर वाटत नाही. मात्र तेथेही नियम दिसतात त्यापेक्षा उदार आहेत. सुरुवातीच्या नऊमधील मुलगी एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, फक्त बॅटिंगच्या आपल्याच क्रमांकावर. डी.पी. (डेझिग्नेटेड प्लेयर) आणि फ्लेक्स या दोन खास जागांचा वापर केला तर एक मुलगी केवळ बॅटिंग आणि दुसरी केवळ क्षेत्ररक्षण करते, आणि लाइन-अप कार्डावर नऊऐवजी दहा नावे येतात. अनेक कोच हे वापरत नाहीत. कारण विचाराल तर प्रांजळपणे सांगतो, अंपायरसमोर कार्डात चूक होईल याची त्यांना भीती वाटते.

एक गोष्ट मात्र आपल्या वहीत नाही. सहा इनिंग कोणत्या होत्या? संघ नऊ धावांनी पुढे असताना राइट फिल्डमध्ये काढलेली इनिंग आणि बरोबरीत, दोन बेसवर धावपटू असताना काढलेली इनिंग या एका मापाच्या नाहीत. पहिल्या प्रकारच्या वीस इनिंगांपेक्षा दुसऱ्या प्रकारच्या चार इनिंगांत मुलगी अधिक शिकते. निकाल लागून गेलेल्या सामन्यात सर्वांना "खेळवून" आकडा पूर्ण करणारे कोच मी पाहिले आहेत, आणि मुलींना ते बरोबर कळते.

आजच्या क्रमवारीवर फार विसंबू नये, असेही मला वाटते. दहा वर्षांखालील गटात चेंडू ११ इंचांचा आणि पिचिंगचे अंतर ३५ फूट असते, बारा वर्षांखालील गटात चेंडू १२ इंचांचा आणि अंतर ४० फूट होते, चौदा वर्षांखालील गटात ४३ फूट. दर टप्प्यावर काही अव्वल पिचर मागे पडतात आणि एका उन्हाळ्यात उंच झालेली एखादी बेंचवरची मुलगी पुढे येते. कॉलेजची स्वप्ने पाहणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात ठेवावे की डिव्हिजन १ मधील (अमेरिकेतील कॉलेज-क्रीडेच्या सर्वोच्च गटातील) कॉलेजांच्या कोचना शाळेच्या अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी खेळाडूशी भरतीविषयी बोलण्याची परवानगीच नाही. अकराव्या वर्षी जिंकलेला रविवारचा चषक त्या हिशेबात कोठेही बसत नाही.

आपल्या मुलीने गाडीत विचारलेला प्रश्न तिने स्वतःच कोचला विचारावा. सरावाच्या दिवशी विचारावा, सामन्यानंतर लगेच नव्हे; सामना हरलेला कोच कोणाचेच नीट ऐकत नाही, यात मी स्वतःलाही धरतो. आपण शेजारी उभ्या राहा, पण बोलू नका.

आपला,
एक कोच


प्रेषक : एका पिचरचे वडील

ताई आणि दादा,
नमस्कार.

दादांचा हिशेब मी दोनदा वाचला आणि तो मला पटला. फक्त अकरा मुलींच्या संघाबद्दल माझी शंका आहे. मागच्या वर्षी आमच्या संघात अकराच मुली होत्या. एका टूर्नामेंटला एक मुलगी आजारी होती आणि दुसरी शाळेच्या कार्यक्रमात अडकली होती. उरल्या नऊ, त्यांत पिचिंग करू शकणारी माझी एकटीच. दोन दिवसांत तिने चार सामन्यांत पिचिंग केले. लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये २००७ पासून पिचरच्या चेंडूंची संख्या मोजतात आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पेक्षा अधिक चेंडू टाकू देत नाहीत. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो म्हणून खांद्याला त्रास होत नाही, असा एक समज आहे आणि चेंडूंची तशी मोजणी सहसा कोणी करत नाही. सोमवारी माझ्या मुलीला दप्तर उचलता येत नव्हते. बेंचवर बसणाऱ्या मुलीच्या आईला हे वाचून राग येईल, पण मागच्या वर्षी मी कोचकडे गेलो तो माझ्या मुलीला थोडे बसवा, हे सांगायला.

तिला विश्रांती द्यायची तर दुसरी पिचर तयार हवी, आणि ती शनिवारच्या सामन्यांत धावा देत देतच तयार होते. तिच्या पहिल्या चार वॉकना (चार खराब चेंडू टाकल्याने फलंदाजाला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसला) गॅलरीतून उसासे टाकणारे आम्ही पालकच असतो. जिंकण्याची घाई कोचला जितकी असते, त्याहून आम्हाला कमी नसते.

आणखी एक, जरा संकोचाने लिहितो. मुलींनाही जिंकायचे असते. उपांत्य सामन्यात शेवटच्या इनिंगला कोचने वाटणी पाळण्यासाठी शॉर्टस्टॉप बदलली आणि आम्ही हरलो, तेव्हा सर्वांत जास्त रडली ती त्या जागी नव्याने उभी केलेली मुलगी. तिला संधी मिळाली होती. त्या जागेचा सराव मात्र तिला कोणी दिला नव्हता. म्हणून इनिंग वाटण्याआधी सरावातील जागा वाटाव्यात, असे मला वाटते. बारा मुली, तीन पिचर, दोन कॅचर आणि प्रत्येकीला सरावात दोन जागा, अशी यादी मी तरी मागेन.

आपला,
एक पालक


प्रेषक : बारा वर्षांखालील संघातील मुलीची आई

दोघांनाही स. न. वि. वि.

उत्तरास उशीर झाला, कारण काय घडते ते पाहून लिहावे असे ठरवले होते. दादांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने मंगळवारच्या सरावानंतर कोचना स्वतः विचारले. मी चार पावलांवर उभी होते आणि एक अक्षर बोलले नाही, याची नोंद येथे अवश्य व्हावी. कोच क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी तिला सांगितले की तिचा थ्रो आउटफिल्डमधून पोहोचत नाही, परंतु ग्राउंडबॉल (जमिनीवरून येणारा चेंडू) ती संघातील बहुतेक मुलींपेक्षा स्वच्छ उचलते, आणि तिला सेकंड बेसवर कधीच उभे केले नाही हे त्यांच्याही आत्ताच लक्षात येते आहे. राइट फिल्डमध्ये तिला ठेवण्याचे कारण एवढेच होते की ट्रायआउटच्या दिवशी ती तेथे उभी होती.

मी त्यांना नंतर एकच प्रश्न मेलने विचारला, पुढच्या वर्षी संघात किती मुली घेणार आहात म्हणून. उत्तर आले, "अजून ठरलेले नाही, बहुधा तेरा." तेव्हा ट्रायआउटपूर्वी हा प्रश्न पालकसभेत सर्वांसमोर विचारायचा आणि फीचा आकडा बारा व तेरा अशा दोन्ही संख्यांनी मांडून दाखवा असे म्हणायचे, हे आम्ही तीन-चार पालकांनी ठरवले आहे. बारा घरांत वाटणी झाल्यास वाढणारी रक्कम द्यायला आमच्यापैकी कोणाची ना नाही.

दादांनी विचारलेल्या सहा इनिंगांपैकी चार निकाल लागून गेल्यानंतरच्या होत्या. वही पुन्हा चाळली तेव्हा कळले. येत्या शनिवारी पूलचा पहिला सामना ती सेकंड बेसवर पूर्ण खेळणार आहे, चुका झाल्या तरी बदलणार नाही असे कोचनी तिला सांगितले आहे. त्या सामन्याला मी वही आणायची नाही, अशी तिची अट आहे.

आपली,
एक पालक