मदत हवी आहे : लैंगिक कलाच्या प्रश्नावलीसाठी शब्द सुचवावेत

जळगावात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी लैंगिक कलाविषयीची, म्हणजे माणसाला कोणत्या लिंगाच्या व्यक्तींबद्दल आकर्षण वाटते याविषयीची, प्रश्नावली मराठीत तयार करत आहे. लैंगिकतेचे अमेरिकी अभ्यासक किन्सी यांची १९४८ ची ० (केवळ भिन्नलिंगी) ते ६ (केवळ समलिंगी) ही मोजपट्टी एकाच रेषेवर असल्याने, एका लिंगाबद्दलचे आकर्षण वाढले की दुसऱ्याबद्दलचे घटलेच, असे तीत गृहीत धरले जाते आणि ते मला पटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ क्लाइन यांची जाळी (प्रश्नांचा तक्ता) मात्र आकर्षण, वर्तन, भावनिक ओढ अशी सात अंगे भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श (स्वतःला जसे असावेसे वाटते ते) या तिन्ही संदर्भांत तपासते. लग्न होऊन संसार करणाऱ्या माणसाच्या मनात वेगळे काही असू शकते, हे तीत नजरेतून सुटत नाही. अडचण शब्दांची आहे. अमळनेर-चोपड्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्यांना ‘आकर्षण’ आणि ‘ओढ’ यांतला फरक, त्यांना संकोच न वाटू देता, कोणत्या शब्दांत विचारावा?