टेबलाला लाकूड किती मागवू? माझ्या हिशोबाने १.८ घनफूट येतंय

हौशी_करवत:
एवढं मोठं पहिल्यांदाच करायला घेतलंय, याआधी फक्त दोन स्टूल केलेत, त्यातलं एक अजून डुगडुगतं. टेबलाचा वरचा तक्ता ६० × ३० इंच, जाडी १ इंच. चार पाय २९ इंची, अडीच बाय अडीच. पायांमधल्या पट्ट्या ४ इंच रुंद, १ इंच जाड, दोन ५२ च्या आणि दोन २२ च्या. सगळं गुणून ३११७ घन इंच, भागिले १७२८, म्हणजे १.८ घनफूट. २ मागवलं तर पुरेल ना?

भुशाचा_ढीग:
नाही पुरणार. तुम्ही तयार टेबल मोजलंय, आणायचंय कच्चं लाकूड. रंधा मारून १ इंच हवं तर सव्वा इंचाचं घ्यावं लागतं, दोन्ही बाजूंनी एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) जातंच. तक्त्याला ५ इंची सहा फळ्या जोडणार असाल तर प्रत्येक साडेपाचची धरा, लांबी ६२. पाय ३ बाय ३, लांबी ३० धरा, जाड लाकूड थोडं वाकलेलं निघतंच. आणि पट्ट्यांची सांध्यात जाणारी टोकं विसरलात, दोन्हीकडे १-१ इंच, वर कापायला १ इंच, म्हणजे ५५ आणि २५. एवढ्यातच २.६ घनफूट झालं. वर गाठी, टोकाच्या चिरा वगैरेला १५ टक्के धरा की आलं ३. गाठाळ माल असेल तर १५ पुरत नाही, २५-३० धरा.

उरलेला_तुकडा:
वरचा हिशोब बरोबर आहे पण नुसत्या घनफुटावर मागवू नका राव, मी तसंच केलं होतं, लाकूड भरपूर आलं पण हव्या त्या लांबीचं एक नाही. तुमचंच बघा, ६ फुटी पट्टीतून ५५ कापलं की १७ इंच उरतं, त्यात २५ ची पट्टी निघत नाही, ते गेलंच. तेच ७ फुटी घेतली तर ५५ + २५ = ८० आणि करवतीने खाल्लेलं साधारण ३ मिमी धरूनही ८४ मध्ये आरामात बसतं, दोन लांब पट्ट्यांत चारही तुकडे! पायांना १० फुटी एकच घेऊ नका, ३० चे चार म्हणजे बरोबर १२० इंच, करवतीला जागाच नाही. साडेपाच फुटी दोन घ्या. तक्त्याच्या फळ्याही साडेपाच फुटीच. कागदावर प्रत्येक लांबी आखून तुकडे मांडा आणि मग मागवा.

गाठ_सुटेना:
तक्त्याची एक फळी जादा घ्या. नंतर एकच आणायला गेलात तर रंग आणि रेषा जुळत नाहीत, आणि ती नेमकी मध्यभागी दिसते.

हौशी_करवत:
मांडून बघितलं. साडेपाच फुटी सहा फळ्या, पायांना दोन, ७ फुटी पट्ट्या दोन, सगळं मिळून २.८ घनफूट, जादा फळीसकट ३.०७. म्हणजे मी २ मागवून मोकळा झालो असतो आणि टेबल तीन पायांवर उभं राहिलं असतं 😅 फक्त पायांना गाठ निघाली तर? तिथे जादा काहीच धरलेलं नाही.

भुशाचा_ढीग:
पायांचे दोन्ही नग स्वतः फिरवून चारही बाजू बघून घ्या. मधली गाठ बघा विशेष, टोकाची साधारण कापण्यात निघून जाते.