कंटेनरला ४ जीबी दिलेत, आत ‘फ्री’ (मेमरी दाखवणारी कमांड) मारलं की ६४ दिसतात. क्लायंटला काय सांगू?

रामबाग_टर्मिनल (इंदूर):
नमस्कार मंडळी. आमचं छोटं ऑफिस आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी आणि भाड्याचं सॉफ्टवेअर करतो. एकच मोठा सर्व्हर आहे, ३२ कोअर आणि ६४ जीबी रॅम, त्यावर डॉकर (एकाच मशीनवर ॲप वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर), आणि प्रत्येक क्लायंटचा वेगळा कंटेनर, म्हणजे तसा एक डबा. यातल्या एका क्लायंटला ४ जीबी मेमरी नि २ सीपीयू अशी लिमिट लावून दिलीय. त्यांच्याकडे एक हुशार पोरगा आहे, त्याला आतला शेल दिला होता, तर त्याने फ्री मारलं आणि टोटल आलं ६४ जीबी, /प्रॉक/सीपीयूइन्फो मध्ये (/प्रॉक म्हणजे सिस्टमची माहिती देणाऱ्या फाइली) ३२ सीपीयू, आणि अपटाइम तर थेट आमच्या सर्व्हरचा, म्हणजे कंटेनर कालच रीस्टार्ट केलाय तरी महिन्यांचा आकडा. आता तो मला म्हणतो की दादा एवढं मोठं मशीन आहे, अर्ध्याहून जास्त मेमरी रिकामी दिसतेय, मग आमचं जावा ॲप दुपारी गाड्या सुटायच्या टायमालाच का मरतं. एक्झिट कोड (प्रोग्राम बंद होताना मागे ठेवतो तो आकडा) १३७ येतो. त्याच्या मालकाला वाटतंय आम्ही काहीतरी लपवतोय. लिमिट खरंच लागलीय का नाही इथून सुरुवात आहे माझी, आणि लागली असेल तर आत बरोबर आकडा कसा दाखवायचा?

जुना_सिसॲडमिन:
लिमिट लागलीय, त्याशिवाय ते मेलं नसतं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेसला जबरदस्तीने मारायचा सिग्नल. आता सिगकिल कोणीही मारू शकतं त्यामुळे नुसत्या कोडवर जाऊ नका, होस्टवर, म्हणजे तुमच्या मूळ सर्व्हरवर, डीमेसेज (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग) बघा, तिथे ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ असेल, किंवा डॉकर इन्स्पेक्ट मारून ‘ओओएम किल्ड’ (मेमरी संपली म्हणून मारलं) ट्रू आहे का ते बघा. मग मालकासमोर ती ओळ ठेवा, वाद तिथेच संपतो.

आकडा चुकीचा का दिसतो तर कंटेनर नावाची एकच वस्तू कर्नलमध्ये नाहीच आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून आपण त्याला कंटेनर म्हणतो. एक नेमस्पेस, म्हणजे काय दिसावं ते, आणि दुसरी सीग्रुप, म्हणजे किती वापरता यावं ते. माउंट नेमस्पेस २००२ मध्ये आली, पुढे पीआयडी (प्रोसेसचे नंबर), नेटवर्क वगैरे आल्या. सीग्रुपचं काम गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते २.६.२४ कर्नलमध्ये आलं. पण मेमरी आणि सीपीयूच्या आकड्यांसाठी नेमस्पेस कधी झालीच नाही, म्हणून /प्रॉक/मेमइन्फो कोणी कुठूनही वाचलं तरी कर्नल आख्ख्या मशीनचं उत्तर देतो. जुन्या वाड्यात सगळ्या भाडेकरूंचा मिळून एकच मीटर असायचा ना, तसं. तुमच्या खोलीची वायर किती लोड घेईल ते ठरलेलं आहे, पण रीडिंग वाचायला गेलात तर आख्ख्या वाड्याचं.

तुमची खरी लिमिट आतूनच बघायची असेल तर नवीन सिस्टमवर /सिस/एफएस/सीग्रुप/मेमरी.मॅक्स वाचा. जुन्यावर, म्हणजे सीग्रुप व्हर्जन १ वर, तीच गोष्ट मेमरी फोल्डरमध्ये मेमरी.लिमिट_इन_बाइट्स नावाने मिळेल.

जावावाली_ताई:
रामबाग दादा, फ्रीचं नंतर बघा, आधी जावाचं व्हर्जन सांगा. माझा अंदाज आहे जावा ८ आणि तेही जुनं.
जावाला हीप, म्हणजे ॲपचा डेटा ठेवायची मेमरी, किती घ्यायची ते सांगितलं नाही तर ती मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा हा कमाल आकडा धरते. तिला दिसतायत ६४, म्हणजे १६ जीबी. कुंपण आहे ४ चं. ती बिचारी कचरा, म्हणजे आता न लागणारा डेटा, गोळा करायची घाई कशाला करेल, तिच्या हिशोबाने अजून १२ जीबी बाकी आहेत, आणि तेवढ्यात कर्नल येऊन उचलतो. दुपारी गर्दीत मरतं याचं कारण हेच. शिवाय गार्बेज कलेक्टरचे थ्रेडपण ती सीपीयू मोजून ठरवते, ३२ दिसले तर पॅरलल वाले २३ थ्रेड होतात. २ सीपीयूच्या डब्यात २३!

जावा १० पासून, म्हणजे मार्च २०१८ पासून, ती सीग्रुप स्वतः वाचते, आणि तेच नंतर ८ अपडेट १९१ मध्ये मागे आणलं. पण इथे एक गोम आहे जी बरेच लोक विसरतात. ते सगळं सीग्रुप व्हर्जन १ साठी होतं. व्हर्जन २ ची समज जावा १५ मध्ये आली, आणि मागे ११.०.१६ आणि ८ अपडेट ३७२ मध्ये आणली. त्यामुळे तुम्ही होस्ट उबुंटू २२.०४ वर नेला, जिथे व्हर्जन २ च डिफॉल्ट आहे, आणि आत समजा जावा ८ अपडेट २५० आहे, तर जावा पुन्हा आंधळी. कालपर्यंत नीट चालणारं ॲप होस्ट अपग्रेड केल्यावर मरायला लागलं की आधी हे तपासा.

रामबाग_टर्मिनल:
ताई अंदाज बरोबर, ८ च आहे आणि १९१ च्या आधीचं. रिपोर्ट छापायची एक जुनी जार आहे, ती दुसऱ्या कोणाकडून घेतलेली, तिला हात लावायचा नाही असं वरून सांगितलंय त्यामुळे जावा बदलणं लगेच होणार नाही. आणि भिया खरं सांगू का, मालकाला मेमरी.मॅक्स वगैरे नकोय, त्याला फ्री मध्येच ४ जीबी दिसायला पाहिजे. होतं का तसं काही?

एलएक्ससी_वाला (वडोदरा):
होतं. एलएक्ससीएफएस बघा. एलएक्ससीवाल्या लिनक्स कंटेनर्स प्रोजेक्टमधलंच आहे (एलएक्ससी, एलएक्सडी म्हणजे डॉकरसारखीच कंटेनर चालवायची साधनं, एलएक्सडीपण २०२३ पर्यंत याच प्रोजेक्टमध्ये होतं), एलएक्सडीमध्ये तर ते आपोआप लागलेलं येतं म्हणून ते वापरणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही, डॉकरवाल्यांना मात्र हाताने लावावं लागतं.

ही फ्यूज फाइलसिस्टम आहे, म्हणजे फाइली कर्नलबाहेरचा प्रोग्राम पुरवतो, होस्टवर एक डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालतो आणि /व्हार/लिब/एलएक्ससीएफएस खाली मेमइन्फो, सीपीयूइन्फो, स्टॅट, अपटाइम, स्वॅप्स, डिस्कस्टॅट्स, लोडॲव्हजी अशा नकली फाइली तयार ठेवतो. कंटेनर सुरू करताना त्या एकेक करून आतल्या /प्रॉक मधल्या खऱ्या फाइलींवर माउंट करायच्या, म्हणजे त्यांच्या जागी या दिसतील अशा लावायच्या, डॉकरमध्ये साधा -व्ही देऊन. आता आतून कोणी मेमइन्फो उघडली की डेमनला कळतं विचारणारी प्रोसेस कोणती, मग तो तिचा सीग्रुप शोधतो, तिची लिमिट आणि वापर वाचतो आणि त्यावरून मजकूर बनवून देतो. फ्री, टॉप, एचटॉप सगळे याच फाइली वाचतात, त्यामुळे त्यांना काही बदलायला लागत नाही. अपटाइमपण कंटेनरचा दिसेल. लोड ॲव्हरेज (कामाचा ताण किती तो आकडा) मात्र डेमन -एल देऊन सुरू केला तरच, नाहीतर होस्टचाच येतो.

आणि तुमच्यासारख्या केसमध्ये याचा अजून एक फायदा आहे जो कोणी बोलत नाही. एकाच मशीनवर दहा क्लायंट असतील तर आत्ता प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचा मिळून लोड दिसतोय. तो पोरगा उद्या म्हणेल बाजूवाल्याच्या कामाने आमचं हळू चालतंय.

तुमच्या जुन्या जावालाही याने फायदा होईल का असं विचाराल तर त्यावर अवलंबून राहू नका. जो प्रोग्राम फाइल न वाचता थेट सिसइन्फो हा सिस्टम कॉल (कर्नललाच सरळ विचारणा) मारतो त्याच्यापुढे एलएक्ससीएफएसचं काही चालत नाही, कर्नल सरळ ६४ सांगतो.

पलासिया_पायथन:
सीपीयूची बाजू राहिली म्हणून लिहितो कारण आमच्याकडे त्रास तिकडून होता, मेमरीतून नाही.
गुनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरचे वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) किती ठेवायचे तर दोन गुणिले कोअर अधिक एक, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि लोक कॉन्फिगमध्ये ओएस.सीपीयू_काउंट (पायथनचं कोअर मोजायचं फंक्शन) टाकून मोकळे होतात. तुमच्या मशीनवर ३२ येणार म्हणजे ६५ वर्कर. मेमरी तर जातेच, पण मजा पुढे आहे. डॉकरला --सीपीयूज २ सांगितलं म्हणजे दोन कोअर वेगळे काढून दिले असं नसतं. कर्नल १०० मिलिसेकंदांचा एक काळ धरतो आणि त्यात एकूण २०० मिलिसेकंद सीपीयू वापरायची मुभा देतो. ३२ थ्रेड एकदम ३२ कोअरवर पळाले तर साधारण ६ मिलिसेकंदांत कोटा संपला, उरलेले ९४ सगळे हात बांधून बसलेले. बाहेरून ॲप अडखळत चालतंय असं दिसतं आणि सीपीयूचा ग्राफ मात्र शांत. सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये एनआर_थ्रॉटल्ड (किती वेळा असं रोखलं तो आकडा) बघा, तो पळत असेल तर हेच चाललंय.

दुसरं, आकडा कोणाला विचारता त्यावर उत्तर बदलतं. --सीपीयूसेट-सीपीयूज ०,१ असं दोन कोअरला बांधलं तर एनप्रॉक ही कमांड २ सांगते कारण ती अफिनिटी, म्हणजे कुठल्या कोअरवर पळायची मुभा आहे ते, बघते, सीपीयू_काउंट मात्र ३२ वरच अडून बसतो. आणि कोटा लावला तर तुमच्या त्या जुन्या इमेजमधलं (इमेज म्हणजे ज्यातून कंटेनर बनतो तो साचा) एनप्रॉकपण ३२ म्हणणार, एलएक्ससीएफएस असलं तरी. आणि अल्पाइन (एक छोटं लिनक्स) इमेज असेल तर तिची मसल ही सी लायब्ररीपण अफिनिटीच विचारते, तिथेही तेच. पायथन ३.१३ पासून पायथन_सीपीयू_काउंट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आकडा हाताने देता येतो. गो भाषावाल्यांना आता सोपं झालंय, १.२५ पासून रनटाइम स्वतःच कोटा बघून गोमॅक्सप्रॉक्स (एकदम किती थ्रेड पळवायचे तो आकडा) ठरवतं, त्याआधी उबरची ऑटोमॅक्सप्रॉक्स लायब्ररी टाकायला लागायची.

जुना_सिसॲडमिन:
एलएक्ससीएफएस चांगलंच आहे, पण ते लावून हात झटकू नका रामबागवाले. तो एक डेमन आहे, तो पडला की चालू कंटेनरमध्ये फ्री मारल्यावर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ येतं, आणि डेमन परत उठवला तरी आतली जुनी माउंट मेलेलीच राहते, ती पुन्हा लावावी लागते. म्हणजे डेमन रात्री कधी पडला तर सगळ्या क्लायंटचं टॉप एकदम बंद. माणसाला दाखवायला वापरा, ॲपला मात्र त्याचा आकडा सरळ हातात द्या.

अजून एक, आकडा बरोबर आला तरी तो वाचायचा कसा हा वेगळाच ताप आहे. मेमरी.करंट (सीग्रुपचा आत्ताचा वापर) मध्ये पेज कॅशे, म्हणजे डिस्कवरून वाचून मेमरीत ठेवलेला डेटा, तीपण मोजली जाते, म्हणजे कंटेनरने मोठा लॉग वाचला की वापर ४ जीबीच्या जवळ गेलेला दिसेल आणि तो पोरगा परत फोन करेल. ती कॅशे लागेल तेव्हा कर्नल सोडून देतो, त्याने कोणी मरत नाही. एलएक्ससीएफएसच्या मेमइन्फोमध्ये अव्हेलेबल हा रकाना कॅशे धरून येतो, त्याला तोच बघायला शिकवा. डॉकर स्टॅट्सपण कॅशे वजा करून दाखवतं, त्यामुळे होस्टवरचा आणि आतला आकडा तंतोतंत जुळला नाही म्हणून घाबरू नका.

रामबाग_टर्मिनल:
डीमेसेजमध्ये ओळ सापडली, जावा प्रोसेसचं नाव आणि सीग्रुपचा आयडी दोन्ही आहे. मालकाला फोटो काढून पाठवला. एलएक्ससीएफएस आधी आमच्या टेस्टवाल्या मशीनवर टाकतोय. जावाला तोपर्यंत -एक्सएमएक्स देऊन टाकतो, ४ जीबीच देऊ ना सरळ?

जावावाली_ताई:
४ अजिबात नको! -एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा. मेटास्पेस, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, डायरेक्ट बफर, जिट कंपाइलरचा कोड, हे सगळं हीपच्या बाहेर आणि तेही त्याच ४ जीबीत बसायचं आहे. २५०० एमबीपासून सुरू करा, दुपारची गर्दी एकदा जाऊ द्या, मग मेमरी.पीक फाइल असेल तुमच्या कर्नलमध्ये तर ती बघून थोडं वाढवा. आणि -एक्सएक्स पॅरललजीसीथ्रेड्स २ तेही त्याच ओळीत टाका, नाहीतर ते २३ थ्रेड तसेच राहतील. नवीन जावावर गेलात की एक्सएमएक्स काढून मॅक्सरॅमपर्सेंटेज (लिमिटच्या किती टक्के हीप) ठेवा, म्हणजे उद्या मालकाने पैसे वाढवून ६ जीबी घेतले तर फक्त डॉकरचा आकडा बदलायचा.

एलएक्ससी_वाला (वडोदरा):
टेस्टवर टाकताना /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/ऑनलाइन ही फाइलपण माउंट करा, लोक /प्रॉक वालं करून थांबतात. ग्लिबसी (डेबियन-उबुंटूची सी लायब्ररी) कोअर मोजायला तीच वाचते, त्यामुळे डेबियन-उबुंटू इमेजमध्ये पायथनचा सीपीयू_काउंट त्यानंतरच २ वर येईल.