मोबाईलवर १८५०, पटावर किती?

चिपळूणकरीण
लेकाचं मोबाईलवरचं बुद्धिबळाचं रॅपिड (झटपट डावांचं) रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, १८५०. मे महिन्यात पहिलं फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, पटावरच्या स्पर्धांचं रेटिंग आलं, १५२०. तेव्हापासून घरात एकच वाद, खरा आकडा कुठला? आपापले अनुभव लिहा. सल्ले नकोत, ते आजोबा देतायत.

रत्नागिरीचा उंट
माझं लीचेस या बुद्धिबळाच्या साईटवर १९००. त्याच गुर्मीत पहिल्या रेटिंग स्पर्धेला कोल्हापूरला गेलो. आंबा घाटात एसटीतच निम्मा जीव गेला. वेळ ९० मिनिटं, वर प्रत्येक चालीला ३० सेकंद. पहिल्या डावाची माझी सुरुवातीची मांडणी झाली चार मिनिटांत, आता उरलेल्या वेळाचं करायचं काय? समोर चौथीतली मुलगी, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते, रेटिंग १४३०. मी उंट उचलला आणि तेव्हा दिसलं, तो हलला की तिचा घोडा राजा-हत्तीला एकदम धरतोय. पण हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. उंट हवेत धरून मी किती वेळ बसलो कोण जाणे. ती शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होती. चाली लिहून ठेवायच्या असतात, हेही मी अधूनमधून विसरत होतो. घरी आलो ते १५६० घेऊन.

रापणकर, मालवण
माझं उलटं. मोबाईलवर १४५०, फिडे १६४०. आम्ही देवळाच्या ओसरीवर खेळून मोठे झालो, तीन मिनिटांचा डाव आमच्या बोटांना झेपत नाही. त्यात पावसात वीज गेली की रेंज जाते आणि जिंकत आलेला डाव वेळ संपून हरतो. पण खरं सांगतो, त्या १६४० मधले २४० फुकटचे. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० खालच्या सगळ्यांना, २००० ला जेवढे कमी तेवढ्याचे ४० टक्के वाढवून दिले. माझे होते १४००. घरकारणीक सांगितलंय, तर म्हणता, "त्येचे पैसे गावतत काय?"

अलिबागची आई
मोबाईलवरचं म्हणजे कुठलं ते आधी सांगा! लीचेसवर नवा माणूस १५०० पासूनच सुरू होतो, चेस डॉट कॉम आधी विचारतं किती येतं. माझ्या मुलीचं एकीकडे १७००, दुसरीकडे १४००. डोकं तेच.

कुडाळचा मास्तर
मी मुलांना शिकवतो. १८ वर्षांखालच्यांचं रेटिंग भराभर हलतं, तुल्यबळाला हरवलं की थेट २० गुण. पण त्यासाठी खेळायला तर हवं! प्रवास, लॉज, प्रवेश फी धरून आमच्याकडची पोरं वर्षाकाठी एखादी रेटिंग स्पर्धा गाठतात, मोबाईलवर मात्र रोज दहा डाव. वर्षभरात पोर पुढे जातं, फिडेचा आकडा मागच्या दिवाळीचाच राहतो. त्यामुळे कोकणातल्या १५२० वाल्याला पुण्या-मुंबईची मुलं हलक्यात घेतात, आणि मला ते आवडतं.

चिपळूणकरीण
उंटराव, लेक विचारतोय, ती पेन्सिलवाली आता किती आहे?

रत्नागिरीचा उंट
आत्ताच फिडेच्या साईटवर बघितलं. १७१२. मी अजून १५६०.