‘नॅशनल होम’ला मराठीत काय म्हणायचं?

बी.ए.च्या मुलांसाठी पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश राजवटीवर टिपण लिहिते आहे. परराष्ट्रमंत्री बाल्फोरने २ नोव्हेंबर १९१७ रोजी लॉर्ड रॉथशील्डला जे पत्र पाठवलं, त्यात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी ‘नॅशनल होम’ उभारायला ब्रिटनचा पाठिंबा जाहीर केला आहे. मराठीत याला कुणी ‘मातृभूमी’ म्हणतं, कुणी ‘राष्ट्रीय घर’, तर कुणी सरळ ‘ज्यूंचे राष्ट्र’. जाणकारांनी सांगावं.

*

‘ज्यूंचे राष्ट्र’ अजिबात नको, ताई. १८९७ च्या बाझल अधिवेशनात झायोनिस्टांनी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना वसवू पाहणाऱ्या चळवळीनं) स्वतःच ‘राज्य’ हा शब्द टाळला आणि ‘हाइमश्टेटे’ हा मोघम जर्मन शब्द घेतला, कारण पॅलेस्टाइन तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं. ‘नॅशनल होम’ त्यातूनच आलं. आंतरराष्ट्रीय कायद्यात या शब्दाला आधीचा काही दाखला नव्हता, त्यामुळे ज्याला जो अर्थ हवा तो त्यानं घ्यावा अशी सोय झाली. ‘मातृभूमी’ लिहिलं की हा मोघमपणा जातो आणि आपणच एका बाजूचा दावा मान्य करून बसतो. ‘राष्ट्रीय घर’ ओबडधोबड आहे, पण तेच ठेवा.

त्याहून जपायची आहे ती सप्तमी. जुलै १९१७ च्या झायोनिस्ट मसुद्यात ‘पॅलेस्टाइन हे’ ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणून पुन्हा उभं करावं असं होतं. शेवटच्या पत्रात ‘पॅलेस्टाइनमध्ये एक’ राष्ट्रीय घर असं झालं. चर्चिलच्या १९२२ च्या श्वेतपत्रिकेनं नेमकं यावरच बोट ठेवलं की सगळं पॅलेस्टाइन द्यायचं असं म्हटलेलंच नाही. मसुदा असा सौम्य होण्यात भारतमंत्री माँटेग्यूच्या विरोधाचा मोठा वाटा होता. हा आपल्या माँटफर्ड सुधारणांमधलाच माँटेग्यू. स्वतः ज्यू असून तो या पत्राच्या कडाडून विरोधात होता.

*

वरच्या उत्तराशी सहमत. पण त्याच वाक्याच्या पुढच्या भागाकडे मराठीत फार दुर्लक्ष होतं. तिथे ‘बिगर-ज्यू समाजां’च्या ‘नागरी आणि धार्मिक’ हक्कांना बाध येणार नाही असं म्हटलंय. ‘नागरी हक्क’ म्हटल्यावर आपल्या मुलांना मतदानाचा हक्क आठवतो. मूळ पत्रात या समाजांच्या राजकीय हक्कांचा शब्दही नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. १९२२ च्या जनगणनेत ७,५७,१८२ लोकांपैकी ज्यू ८३,७९४ होते. उरलेल्या प्रचंड बहुसंख्येची ओळख ‘ज्यू नसलेले’ एवढीच! मला हे वाचताना दर वेळी संताप येतो. म्हणून तिथे ‘अरब’ लिहून ते वाक्य नीटनेटकं करू नका.

आणि ‘बाल्फोर जाहीरनामा’ऐवजी ‘बाल्फोरचं पत्र’ म्हणा. ते सरकारी धोरण सांगणारं पत्रच होतं, वर्तमानपत्रांत आठवडाभरानं छापून आलं. अरबीत त्याला ‘वअद बल्फूर’, म्हणजे बाल्फोरचं वचन म्हणतात.

*

दोघांचे आभार. मग मॅकमहॉनच्या पत्रातल्या ‘डिस्ट्रिक्ट्स’ला ‘जिल्हे’ म्हटलं तर चालेल ना?

*

नाही, इथे तर मोठाच घोळ होईल. इजिप्तमधले ब्रिटिश हायकमिशनर मॅकमहॉन यांनी २४ ऑक्टोबर १९१५ रोजी मक्केचा शरीफ, म्हणजे तिथला अरब अधिपती, हुसेन याला अरब स्वातंत्र्य मान्य असल्याचं कळवलं, पण दमास्कस, होम्स, हमा आणि हलब (अलेप्पो) यांच्या ‘डिस्ट्रिक्ट्स’च्या पश्चिमेचा भाग वगळून. हुसेनला गेलेल्या अरबी पत्रात त्याला ‘विलायत’ असा शब्द होता. (हाच शब्द फारसीवाटे आपल्याकडे आला आणि इंग्लंडचं नाव होऊन बसला, पण ते असो.) तुर्की कारभारात विलायत म्हणजे अख्खा प्रांत. होम्स, हमा नावाच्या विलायती मात्र नव्हत्याच, त्यामुळे अरब म्हणाले की इथे अर्थ शहरं आणि त्यांचा आसपासचा भाग. नकाशा उघडून बघा: या चार शहरांच्या पश्चिमेला आजचं लेबनॉन आणि सीरियाचा किनारा येतो. पॅलेस्टाइन पश्चिमेला नाही, दक्षिणेला आहे, म्हणजे ते अरबांना दिलेल्या मुलखात पडतं. ब्रिटिशांनी मागाहून बाजू मांडली की दमास्कसची विलायत यार्देन (जॉर्डन) नदीच्या पूर्वेनं पार अकाबापर्यंत जाते, म्हणून पॅलेस्टाइन तिच्या पश्चिमेला, अर्थात वगळलेलं. मराठीत ‘जिल्हा’ म्हटलं की आखलेल्या हद्दीचा, कलेक्टर असलेला मुलूख डोळ्यांपुढे येतो आणि निकाल ब्रिटिशांच्या बाजूनं लागतो. ‘परिसर’ म्हटलं तर अरबांच्या. ‘डिस्ट्रिक्ट’ तसाच ठेवा आणि खाली दोन्ही अर्थ द्या.

*

एक भर घालतो. पुढे ‘मँडेट’ येईल, त्याला ‘जनादेश’ करू नका. तिथल्या जनतेला कुणी विचारलंच नव्हतं. राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्सनं) जुलै १९२२ मध्ये ब्रिटनच्या हाती दिलेला तो कारभार होता. बाल्फोरच्या पत्राचा मजकूर त्याच्या प्रास्ताविकेत जवळपास जसाच्या तसा उतरला; हुसेनशी झालेल्या पत्रव्यवहारातलं काहीच नाही. ‘मँडेट’ हाच शब्द वापरा, पहिल्यांदा येईल तिथे ‘राष्ट्रसंघानं सोपवलेला कारभार’ असं सांगा, म्हणजे मुलांचा निवडणुकीशी गोंधळ होणार नाही.