मदत हवी आहे: ३८ व्या वर्षी, नोकरी सांभाळून स्त्री अभ्यासात एम.ए. कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीला राहते, परळला एका पतसंस्थेत हिशेब बघते. बी.कॉम. झाले २००८ ला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता स्त्री अभ्यासात एम.ए. करायची फार इच्छा आहे. का, ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

माझी आजी लालबागला चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवायची. गिरणीतले वीस-बावीस कामगार जेवायला, शिवाय रातपाळीचे डबे. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर माळा आवरताना तिची १९७८ ते ८३ ची वही सापडली. आजीला लिहिता येत नव्हतं. अक्षर माझ्या आत्याचं. चौथीनंतर तिची शाळा सुटली ती याच कामापायी. नाव, किती जेवणं, मागची बाकी. पगार होऊन पैसे आले की नावापुढे हळदीच्या अंगठ्याचा ठसा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीपासून वहीत नावं आहेत, जेवणं आहेत, हळद नाही. बाकी चढतच जाते. पावसाळ्यापासून एकेक नाव गळतं, माणसं गावाला गेली असणार. आजीच्या पाटल्या त्याच वर्षी मोडल्या, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. वहीत त्याची नोंद नाही.

आजोबांचं नाव गिरणीच्या मस्टरवर होतं. आजीबद्दल मात्र आजही "माणसांना जेवायला घालायची" एवढंच म्हणतात, "कमवायची" असं कोणी म्हणत नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, हे लालबागची पोर असून मला परवापरवा कळलं. मला ही वही नीट वाचायला शिकायचं आहे. बेरीज-वजाबाकी येते हो, त्यापलीकडचं.

अडचण अशी की देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा विषय आहे, पण पूर्णवेळ आणि इंग्रजीतून. पूर्णवेळ म्हणजे पगार बंद, आणि मुलगा आठवीत आहे. नवरा म्हणतो, कर, पण हप्त्यांचं बघ. एका ठिकाणी फोन केला तर समोरच्या बाई म्हणाल्या, "या वयात सर्टिफिकेट कोर्स करा, पुरे." दोन दिवस मनाला लागून राहिलं ते.

इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, दूरशिक्षणातलं एम.ए. कोणी केलंय का? इंग्रजी वाचनाचं काय करता? आणि वहीची पानं तुकडे होऊन पडायला लागली आहेत, लॅमिनेट करून घेऊ का?

प्रतिसाद

ताई, लॅमिनेशन अजिबात करू नका! उष्णतेने कागद कायमचा चिकटतो, पुन्हा सुटत नाही. आज रात्रीच प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. मग वही सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

कोर्सबद्दल. तुमच्या परिस्थितीत मी इग्नूच म्हणेन, नोकरी सोडू नका. मी ते एम.ए. केलंय, पहिले सहा महिने एका पानाला तास लागायचा. कठीण शब्द वहीत मराठीत लिहून ठेवायचे, हळूहळू तेच ते शब्द परत भेटायला लागतात. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्रही एकदा बघून या. १९७४ मध्ये नीरा देसाईंनी सुरू केलेलं हे देशातलं असं पहिलं केंद्र. कर्व्यांनी १९१६ साली हे विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवणारं, तेव्हा तिथे मराठीबद्दल संकोच नको.

बायकांचं काम कामात धरलं जात नाही, हा तुमचा प्रश्न या विषयाच्या मुळाशीच आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. हे मोजायला लागलो त्यात स्त्री अभ्यासाचाही वाटा आहे.

पण त्या आधी आत्यांकडे जा. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळेल. संपाचं काही विचारू नका. कणीक किती मळायची, नळाला पाणी किती वाजता यायचं, चूल की स्टोव्ह, असं विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. फोटो काढले, एकशे चौदा पानं. रविवारी आत्याकडे विरारला जाऊन आले. दिवसाला बारा किलो कणीक, पाणी पहाटे चारला.

वही बघताच ती म्हणाली, "हे ठसे आईचे नाहीत गं, माझे आहेत. आईचे हात पिठात असायचे."

मी वर्षभर ते आजीचे समजत होते. घरी येऊन पुन्हा बघितलं. १९७८ च्या पानांवरचा अंगठा अगदी एवढासा आहे, आणि पुढे पुढे मोठा होत जातो.

इग्नूचा फॉर्म भरतेय. आत्याचं रेकॉर्डिंग दोन तासांचं आहे, ते ऐकून मराठीत उतरवून काढायची पद्धत कोणी सांगेल का? तिचे "गं", "अगं बाई" तसेच ठेवायचे असतात की काढायचे?